गरिबाच्या वाटेवरचे शिक्के

अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाची चर्चा साहित्याच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु काही पुस्तके आकडे सांगता सांगता माणसाची कहाणी सांगून जातात. पेरू देशातील अर्थतज्ज्ञ एर्नान्दो द सोतो यांचे ‘एल ओत्रो सेन्देरो’ (१९८६) हे त्यांपैकी एक. नावाचा अर्थ ‘दुसरी वाट’. ‘झळाळती वाट’ असे नाव मिरवणारी माओवादी संघटना तेव्हा पेरूत रक्तपात करीत होती. तिला दिलेले हे उत्तर. प्रस्तावना मारियो वार्गास योसा या कादंबरीकाराची आहे, ज्यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

द सोतो यांचा प्रयोग साधा होता. लिमा शहराच्या कडेला शिवणकामाचा लहानसा कारखाना काढायचा आणि तो कायदेशीर करायला काय पडते ते पाहायचे. त्यांची माणसे रोज सहा तास कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिली. नोंदणी व्हायला २८९ दिवस लागले. ‘द मिस्टरी ऑफ कॅपिटल’ (२०००) या पुढच्या पुस्तकात ते सांगतात की खर्च किमान मासिक वेतनाच्या ३१ पट आला. सरकारी जागेवर कायदेशीर घर बांधण्याच्या परवानगीसाठी ६ वर्षे ११ महिने, ५२ कचेऱ्या आणि २०७ पायऱ्या!

या लेखनाचे मोल मोठे आहे. गरीब माणूस आळशी म्हणून मागे राहतो, कायदा मोडायची खोड म्हणून विनापरवाना धंदा करतो, हा सुखवस्तू समज या आकड्यांनी खोडून काढला. २८९ दिवस बिनमजुरीचे काढणे ज्याला परवडते, त्यालाच कायद्याच्या घरात प्रवेश. बाकीच्यांनी ओसरीबाहेर उभे राहायचे. उत्पन्नाच्या एका दाखल्यासाठी पालकांचे दोन-तीन रोज बुडताना शाळेत बसून आम्ही पाहतोच. अर्जाची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असली, तर लिहून देणाऱ्याचे पैसे आणखी वेगळे.

तरीही दोन ठिकाणी हे पुस्तक अपुरे वाटते.

पहिले, द सोतो यांचा कागदावर फार विश्वास. घराला मालकीपत्र मिळाले की बँक कर्ज देईल आणि गरिबाची मालमत्ता भांडवल होईल, असे ते मानतात. पेरूत १९९६ नंतर सुमारे १२ लाख शहरी कुटुंबांना मालकीपत्रे मिळाली. एरिका फील्ड यांच्या अभ्यासात दिसले ते असे, की घर राखीत बसण्याची गरज उरली नाही, म्हणून माणसे बाहेर अधिक तास काम करू लागली. हा लाभ लहान नव्हे. पण खाजगी बँकांचे दार त्यामुळे फारसे उघडले नाही. पत केवळ कागदाने येत नाही, नियमित मिळकतीनेही येते.

दुसरे, ते परवान्याची कथा इतकी रंगवतात की प्रत्येक नियम वाचकाला अडसरच वाटू लागतो. आपल्याकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. बांबू हा गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड ठरवले. परिणामी, स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासाठीही अनेक ठिकाणी शेतकऱ्याला परवाना हवा. बुरुडाच्या सुपाटोपल्यांचा कच्चा माल त्याच साखळीत अडकलेला. वनाबाहेर वाढलेल्या बांबूची सुटका झाली ती २०१७ साली, म्हणजे ९० वर्षांनी. येथे नियम काढणे हाच न्याय होता.

दुसरे उदाहरण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे. शहरातल्या विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असेही सांगतो. हाही नियमच, पण तो भाजीवालीच्या पाठीशी उभा राहण्यासाठी केलेला. तो नसता तर तिची पाटी उचलणाऱ्याला विचारणारे कोण? आणि पाहणी रखडली की हाच कायदा तिच्या काही कामाचा राहत नाही, हेही खरे.

तेव्हा नियम किती आहेत, एवढे मोजून भागत नाही. तो गरिबाकडून परवानगी मागतो की त्याला संरक्षण देतो, आणि तो करताना गरिबाला कोणी विचारले होते का, हे तपासावे लागते. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. तेथे परवाना उरलाच. शिक्का मात्र गावाच्या हाती आला.

द सोतो यांनी टेबलासमोर ताटकळणाऱ्याचे दिवस चोख मोजले. टेबलामागे कोण बसावे, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही. पुस्तक मिळवून जरूर वाचावे; वाचताना हा प्रश्न मात्र आपण त्यात भरून घ्यावा.