प्रश्न क्रमांक सात

निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्यापायी मला एका पतसंस्थेच्या मुलाखत-मंडळावर बसावे लागले. जागा एक, कारकुनाची. समोर चहा, बिस्किटे आणि प्रश्नांची छापील यादी. त्यातला सातवा प्रश्न असा : 'येत्या सहा महिन्यांत रजा लागणार आहे का? असल्यास कशासाठी?'

तो वाचला आणि मला 1983 साल आठवले. तेव्हा मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला होतो. दोन महिन्यांवर बहिणीचे लग्न आले होते. तरी छाती पुढे काढून मी म्हणालो, "छे! मला रजा लागतच नाही." साहेब खूश, मी नोकरीत. लग्नाच्या आठवड्यात कावीळ झाल्याचा अर्ज टाकला आणि परतलो तो बोटांना हळद घेऊन. हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "अजून उतरलेली दिसत नाही हो कावीळ!"

असो. पहिला उमेदवार मालवणचा. हिशेबात तरबेज. सातव्या प्रश्नाला म्हणाला, "गणपतीत सात दिवस गावी जाणार, सर. आणि आता आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या सकाळी यायला जरा उशीर होईल." इतका प्रामाणिक कारकून पतसंस्थेला शोधून सापडायचा नाही. अध्यक्षांनी त्याच्या नावापुढे फुली मारली.

दुसरी एक मुलगी. "रजा नको," म्हणाली. अध्यक्षांचे समाधान होईना. "तसं नव्हे... म्हणजे लग्नबिग्न? पुढचं काही?"

आता मात्र मला राहवेना. म्हटले, "अहो, आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मवर बायकांना पाळीच्या आणि बाळंतपणाच्या तारखा विचारत असत. नीरा माथुर नावाच्या बाईंची नोकरी त्यापायी गेली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ती परत द्यायला लावली आणि असले रकाने काढून टाका म्हणून बजावलं."

"मग आम्हाला कळायचं कसं?" अध्यक्ष.

"आधी नेमा, मग विचारा. सगळ्यांना विचारा. आणि तारीख विचारा, कारण नको."

माझे म्हणणे एवढेच. मार्चअखेर कोण जागेवर असेल, हे कचेरीला कळायलाच हवे. पण निवडीच्या आधी विचारलेला हा प्रश्न रजेची माहिती देत नाही. तो फक्त खरे बोलणारा माणूस गाळतो. आणि बायकांना तर तो रजेचे नाव करून भलतेच विचारतो.

मंडळाने मान डोलावली. मंडळे डोलावतातच. तेवढ्यात तिसरा उमेदवार आला. सातवा प्रश्न पुरता व्हायच्या आत छाती पुढे काढून म्हणाला, "छे! मला रजा लागतच नाही!" मी त्याच्याकडे निरखून पाहिले. चेहरा ओळखीचा वाटला. अध्यक्षांनी लगेच त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. निकालाचे पत्र मात्र तीन महिने लांबले. अध्यक्ष लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते. त्यांना निवडताना सातवा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पुढे तो मुलगा रुजू झाला. दुसऱ्या महिन्यात त्याला कावीळ झाली.