वस्त्र, चित्र आणि वर्गीकरण : मध्य प्रांताच्या वांशिक चित्रणाविषयी

प्रवास-मोहिमांच्या ग्रंथांतील चित्रे ही मजकुराची केवळ सजावट असते, असे समजून अभ्यासक बहुधा ती ओलांडून पुढे जातो. वस्तुतः प्रत्येक चित्र ही एक संहिता असते आणि तिच्यात कोणाला पाहायचे, कोणत्या रूपात पाहायचे, याचे निर्णय आधीच झालेले असतात. मध्य प्रांतातील आदिवासींचे चित्रण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१८६२ मध्ये पचमढीच्या डोंगरांत गेलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा सचित्र ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात जंगले, रानटी जमाती, निसर्गेतिहास आणि शिकार हे विषय एका ओळीत येतात. ही ओळ म्हणजेच त्या दृष्टीचा सारांश होय : गोंड माणूस येथे इतिहासात नसून निसर्गात उभा आहे. १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात छायाचित्रे आली, अचूकता वाढली. परंतु मथळ्यांत व्यक्तीऐवजी जातच राहिली. चित्रालगतचे शब्द चित्राच्या अनेकार्थतेला आवर घालतात, असे रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये दाखवले होते. येथे हा आवर प्रशासकीय आहे. ‘प्रवासास निघालेले गोंड’ या जातीच्या मथळ्यामुळे विशिष्ट दिवशी विशिष्ट वाटेने जाणारी माणसे एका जमातीचा नमुना होतात आणि त्यांच्या अंगावरचे वस्त्र ‘वेष’ ठरते.

या वेषाकडे सातपुड्याच्या कड्यावरून न पाहता खाप्यातून पाहिले, तर काय दिसते? सावनेर तालुक्यातील कन्हानकाठचे खापा हे कोष्ट्यांच्या हातमागाचे जुने गाव. वस्त्र म्हणजे येथे सूत, पांजण, माग, सावकार आणि बाजार. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात बांबूच्या गाड्या घेऊन बाजारात आलेल्या गोंडांचे छायाचित्र आहे. बाजारात माणूस विकायला येतो, तसा घ्यायलाही येतो. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार विणकरांची नोंद त्याच ग्रंथात आहे. म्हणजे ‘पारंपरिक’ म्हणून चित्रित झालेला वेष हा बव्हंशी जातींमधील विनिमयाचा परिणाम होता. त्यातच १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतरच्या कृष्णधवल छायाचित्रातले लुगडे मागावरचे की गिरणीतले, हे ते छायाचित्र सांगू शकत नाही. तरीही ते कालातीततेचा आभास मात्र निर्माण करते.

याहून सूचक बाब अशी, की त्याच ग्रंथात कोष्टी येतात ते दोऱ्या धरून, टिपऱ्या वाजवीत नाचताना. मजकूर त्यांना विणकर म्हणतो, चित्र मात्र त्यांना मागावरून उठवून उत्सवात नेते. श्रम मजकुरात आणि दर्शनीयता चित्रात, अशी ही विभागणी आहे.

ही केवळ सौंदर्यशास्त्रीय तक्रार नव्हे. कोष्टी आणि हलबा यांच्या नात्याचा प्रश्न विदर्भात दीर्घकाळ न्यायालयात लढवला गेला. २८ नोव्हेंबर २००० रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद आहे तशीच वाचली पाहिजे आणि अमुक समाज तीत अंतर्भूत आहे हे दाखवण्यासाठी बाहेरचा पुरावा घेता येणार नाही, असा निर्णय दिला. निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा विचार हा या लेखाचा विषय नाही. परंतु कोणाला काय म्हणायचे, हे ठरवणारा शब्द माणसाच्या हक्कांपर्यंत कसा पोचतो, हे त्यातून स्पष्ट होते. नोंदवहीतील रकाना आणि छायाचित्राखालचा मथळा यांचे व्याकरण एकच आहे : दोन्ही सरमिसळ नाकारतात.

म्हणून ही चित्रे त्याज्य ठरत नाहीत. आदिवासींच्या दृश्य इतिहासाची ती दुर्मीळ साधने आहेत. मात्र त्यांचे वाचन मथळ्यापाशी न थांबता वस्त्रापाशी पोचले पाहिजे. ते कोणी विणले, कोठे विकले गेले, कशाच्या मोबदल्यात अंगावर आले, हे प्रश्न विचारले, की ‘नमुना’ म्हणून उभा केलेला माणूस पुन्हा व्यवहार करणारा, निवड करणारा माणूस म्हणून दिसू लागतो.