उपचाराचे कथन आणि कथनाची मालकी : बहुव्यक्तित्वाच्या तीन संहिता

बालपणी झालेला आघात आणि त्यातून दुभंगलेले व्यक्तित्व हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकी लोकप्रिय साहित्याचे एक प्रमुख आशयसूत्र होय. या विषयाची चर्चा बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने होते आणि रुग्णाचा आजार खरा की खोटा या प्रश्नापाशी ती अडते. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मात्र आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बहुव्यक्तित्वावरील उपचार हा मुळात कथनाचा व्यवहार आहे. रुग्णाच्या विस्कळीत स्मृतींना आदि, मध्य आणि अंत असलेली गोष्ट मिळणे म्हणजे बरे होणे, असे तो गृहीत धरतो. मग ही गोष्ट रचतो कोण, आणि ती कोणाच्या मालकीची असते?

या दृष्टीने फ्लोरा रीटा श्रायबर यांचे ‘सिबिल’ (१९७३) हे पुस्तक मध्यवर्ती मानावे लागते. कॉर्नेलिया विल्बर या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने एका तरुणीवर १९५४ ते १९६५ अशी अकरा वर्षे केलेल्या उपचारांचा हा वृत्तान्त. पुस्तकात या तरुणीची सोळा व्यक्तित्वे येतात. प्रारंभीच काच फुटल्याचा आवाज होतो आणि नायिका भानावर येते ती फिलाडेल्फियाच्या अनोळखी रस्त्यावर. मधले पाच दिवस तिच्या स्मृतीतून गळालेले असतात. आधी परिणाम, मग कारणाचा शोध, हा रहस्यकथेचा आकृतिबंध. त्यात डॉक्टर तपास करते, मन हे घटनास्थळ ठरते आणि आईने केलेला छळ हे अखेरीस हाती लागणारे उत्तर असते. आरोपी ठरलेली आई या तपासापूर्वीच मरण पावलेली असल्याने तिची साक्ष संहितेत येऊ शकत नाही.

सोळांपैकी व्हिकी हे व्यक्तित्व समीक्षकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. तिला इतर सर्वांच्या आठवणी ठाऊक असतात. म्हणजे कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाचे स्थान तिच्याकडे आहे. पेगी लू रागाची धनी आहे, तर खुद्द सिबिलपाशी उरते ती रिकामी जागा. आजीच्या मृत्यूनंतरची तिची जवळजवळ दोन शालेय वर्षे अशीच हरवतात. मुलीने सोसले ते दुसरीने, आठवले ते तिसरीने आणि लिहिले ते चौथीने, अशी निवेदनाची ही उतरंड आहे. त्या उतरंडीत प्रत्यक्ष सोसणाऱ्या मुलीचा आवाज सर्वांत क्षीण आहे.

पुस्तकाबाहेरच्या घडामोडींनी हा प्रश्न अधिक टोकदार केला. सिबिल म्हणजे शर्ली आर्डेल मेसन ही चित्रकार स्त्री, हे तिच्या १९९८ मधील मृत्यूनंतर उघड झाले. डेबी नेथन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात श्रायबर यांच्या कागदपत्रांचा धांडोळा घेतला. मेसनने १९५८ मध्ये डॉक्टरांना लिहिलेले एक पत्र तेथे विशेष महत्त्वाचे ठरते. आपल्या ठायी अनेक व्यक्तित्वे नाहीत, असे तिने त्यात कळवले होते. डॉक्टरांनी ते उपचाराला होणारा विरोध म्हणून वाचले. पेंटोथालच्या अंमलाखाली उच्चारलेले शब्द स्मृती म्हणून स्वीकारले गेले आणि शुद्धीत लिहिलेला नकार लक्षण ठरला. नायिकेच्या होकाराला प्रमाण आणि नकाराला आजार मानणारे कथन आत्मकथनाचा आव आणत असले, तरी त्याची लेखिका डॉक्टरच असते.

एका पिढीआधीची ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ (१९५७) ही संहिता या बाबतीत अधिक उघड आहे. कॉर्बेट थिगपेन आणि हर्वी क्लेक्ली या दोन डॉक्टरांनीच ती लिहिली. ईव्ह व्हाइट, ईव्ह ब्लॅक आणि जेन अशी तीन नावे देऊन त्यांनी कथेला आटोपशीर घाट दिला. त्याच वर्षीच्या चित्रपटात तर मृत आजीचे चुंबन घ्यायला लावल्याचा एकच बालपणीचा प्रसंग साऱ्याचे मूळ म्हणून पुढे येतो, आणि तो आठवताच गुंता सुटतो. या कथेला खुद्द नायिकेनेच उत्तर दिले. क्रिस कॉस्टनर साइझमोर यांनी ‘आय ॲम ईव्ह’ (१९७७) लिहून स्वतःची ओळख जाहीरपणे सांगितली. डॉक्टरांनी संपवलेली गोष्ट पुढे अनेक वर्षे चालूच होती आणि व्यक्तित्वे तीनपेक्षा कितीतरी अधिक होती, असे त्यांचे म्हणणे. शीर्षकातील प्रथमपुरुष हाच येथे सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. ईव्हच्या चित्रपटात रुग्ण झालेल्या जोॲन वुडवर्ड ‘सिबिल’च्या १९७६ मधील दूरचित्रवाणी रूपांतरात डॉक्टर झाल्या. अभिनेत्रीला खुर्ची बदलता आली. रुग्णाला ती सहजी बदलता येत नाही.

भारतीय परंपरेत हाच अनुभव अंगात येणे, झपाटणे, बाधा होणे या शब्दांनी ओळखला जातो. अमेरिकी निदानपुस्तिकेनेही २०१३ च्या आवृत्तीत काही संस्कृतींमध्ये हा विकार संचाराच्या रूपात अनुभवला जातो, हे नोंदवले. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या ग्रंथात मेहंदीपूरच्या बालाजी मंदिराचे वर्णन केले आहे. तेथे बाधित व्यक्तीची ‘पेशी’ होते आणि भूत आपले ‘बयान’ देते. घरच्या माणसांसमोर एरवी न बोलता येणारे बोलून टाकण्याची सोय त्यात आहे. कथन येथेही आहे. मात्र त्याचा श्रोता बंद खोलीतील एकटा तज्ज्ञ नसून कुटुंब आहे.

फाझिल दिग्दर्शित, मधू मुट्टम लिखित ‘मणिचित्रताळ्’ (१९९३) हा मलयाळम चित्रपट या दोन परंपरांच्या सांध्यावर उभा आहे. आईवडिलांपासून दूर, आजीजवळ वाढलेली गंगा सासरच्या जुन्या वाड्यातील नागवल्ली या तमिळ नर्तकीची गोष्ट ऐकते आणि तीच होते. मनोविकारतज्ज्ञ सनी ही गोष्ट नाकारत नाही; तो तिचा शेवट रंगवतो. नागवल्लीला दुर्गाष्टमीच्या रात्री प्रतिकृतीवर सूड उगवू दिला जातो. अमेरिकी संहितांत उपचार भूतकाळाचे उत्खनन करतो, तर येथे तो अपुऱ्या राहिलेल्या नाट्याची सांगता करतो. सत्याचा दावा न करणारी ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते खरी. तथापि, गंगेचे बालपण येथेही डॉक्टरच सांगतो, आणि तेही तिच्या पतीला.

या तुलनेत भाषेचा धागा विशेष फलदायी ठरतो. मलयाळी गंगेतील दुसरी स्त्री तमिळ बोलते. तमिळ रूपांतर ‘चंद्रमुखी’त (२००५) ती तेलुगू होते, तर हिंदी ‘भूल भुलैया’त (२००७) बंगाली. मिनेसोटातील छोट्या गावात वाढलेल्या मुलीतील व्हिकीही आपले कुटुंब पॅरिसला असल्याचे सांगते. घरच्या भाषेत जे उच्चारता येत नाही, त्यासाठी मन शेजारची किंवा दूरची भाषा उसनी घेते. आघाताचा अनुवाद म्हणून बहुव्यक्तित्वाकडे पाहण्याची वाट येथे खुली होते.

मेसनच्या पत्रामुळे सिबिलची प्रत्येक आठवण खोटी ठरत नाही, आणि घरात छळ सोसणारी मुले ही काल्पनिक नव्हेत. ‘सिबिल’वरील अविश्वासाचा उपयोग त्या मुलांना खोटे ठरवण्यासाठी होण्याचा धोका खरा आहे. परंतु आघाताला एकच कारण आणि एकच शेवट देणाऱ्या कथेची ओढही तितकीच धोकादायक आहे. साइझमोर यांच्या आत्मकथनाचे मोल तिथे आहे. ते अधिक सुसंगत नाही. पण त्यातील विसंगती ज्या स्त्रीच्या आयुष्यातली आहे, तिनेच ती सांगितली आहे. १९५८ चे ते पत्र लक्षण म्हणून नव्हे, तर एका लेखिकेची संहिता म्हणून वाचणे, हे समीक्षेपुढचे कार्य आहे.