ब्रेननची बाग
अल्प मिळकतीवर परदेशी जाऊन राहणाऱ्या लेखकास तेथील स्वस्ताई मोहविते. ती कोणाच्या दारिद्र्यातून आली, हे तो सहसा पाहत नाही. जेराल्ड ब्रेननने ते पाहिले. मालागाजवळील चुरियाना येथील घर व बाग मागे ठेवून यादवी युद्धामुळे १९३६ साली तो इंग्लंडला परतला. १९४९ मध्ये पुन्हा गेला, तेव्हा माळ्याने बाग राखली होती. ‘द फेस ऑफ स्पेन’ (१९५०) या प्रवासवृत्तात त्या पुनर्भेटीचा आनंद आहेच. परंतु ग्रंथाचे सामर्थ्य प्रत्ययास येते ते आंदालुसियातील उपासमारीच्या चित्रणात. केवळ बागेचा विरह आळवला असता (असे लेखन इंग्रजीत उदंड आहे), तर पुस्तक गोड झाले असते, इतकेच. १९५३ मध्ये ब्रेनन त्याच घरी राहावयास गेला; स्वस्ताई तेव्हाही होती.