अशक्याची शिस्त

डोके चक्रावून टाकणाऱ्या विज्ञानपटाची वाट पाहण्याची एक ठरीव रीत आता पडली आहे. आधी दिग्दर्शकाचे नाव जाहीर होते, मग कलाकारांची यादी, मग टीझर, मग ट्रेलर. त्या ट्रेलरमधले एकेक दृश्य थांबवून अर्थ लावणारे व्हिडिओ निघतात आणि चित्रपट लागला की दुसऱ्याच दिवशी त्याच्या शेवटाची उकल करून देणारे हजर होतात. या खटाटोपात एक समज घट्ट होत गेला आहे. खर्च जितका मोठा, कल्पना जितकी अवाढव्य आणि गुंता जितका जास्त, तितका चित्रपट विलक्षण, असा तो समज. मला तो चुकीचा वाटतो, आणि या कलाप्रकाराचे त्याने नुकसान केले आहे असेही वाटते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले जे विज्ञानपट आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात, त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते. त्यांनी एकच अशक्य गोष्ट गृहीत धरली, तिचा नियम ठरवला आणि कथेची कितीही अडचण झाली तरी तो नियम मोडला नाही. विचित्रपणा शिस्तीतून येतो. वाट पाहायची तर त्या शिस्तीची पाहावी.

भव्यतेची ओढ किती जुनी आहे याचा दाखला म्हणजे कधीच न झालेला एक चित्रपट. १९७०च्या दशकात आलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’वर चित्रपट करायला घेतला. साल्वादोर दाली यांना सम्राटाची भूमिका, मोबियस आणि एच. आर. गीगर यांची चित्रे, दहा तासांहून लांब पट, असा सगळा बेत होता. हॉलिवूडने पैसे दिले नाहीत आणि बेत कागदावरच राहिला. २०१३ साली फ्रँक पाविच यांनी त्यावर माहितीपट केला आणि न झालेल्या या चित्रपटाला नव्या पिढीचे चाहते मिळाले. त्या चित्रांचे सामर्थ्य खरेच आहे. गीगर आणि डॅन ओबॅनन ही त्याच मंडळींतली माणसे पुढे ‘एलियन’मध्ये (१९७९) एकत्र आली आणि तिथे त्यांनी काय केले ते जगाने पाहिले. पण कागदावरच्या चित्रपटाला स्वतःचा शब्द पाळून दाखवावा लागत नाही. तो प्रत्येकाच्या मनात हवा तसा पूर्ण होतो. म्हणून केवळ अपेक्षेवरून विलक्षणतेचे माप काढता येत नाही. ते पडद्यावर, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतच ठरते.

क्रिस मार्कर यांचा ‘ला जते’ (१९६२) जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसखालच्या भुयारांत उरलेली माणसे एका कैद्याला भूतकाळात पाठवतात. त्यालाच का, तर लहानपणी ऑर्ली विमानतळावर पाहिलेला एक चेहरा त्याच्या मनात घट्ट रुतून बसला आहे. आठवण जितकी पक्की तितकी वाट मोकळी, हा इथला नियम. मार्कर यांनी तो चित्रपटाच्या रूपालाच लावला आणि जवळजवळ सगळा चित्रपट स्थिर छायाचित्रांचा केला, कारण आठवणीही अशाच सुट्या, थांबलेल्या असतात. मग एका पहाटे झोपलेल्या स्त्रीची छायाचित्रे एकमेकांत विरघळत जातात, पक्ष्यांचा आवाज चढत जातो आणि काही क्षण ती खरोखर डोळे उघडून आपल्याकडे पाहते. पापणीची एवढीच हालचाल, पण अंगावर काटा येतो. आधीचा सगळा वेळ चित्रपटाने स्वतःला हलू दिलेले नाही, म्हणून ती हालचाल चमत्कार ठरते. पुढे टेरी गिलियम यांनी याच कथेवरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) केला. तो चांगला आहे, पण त्या पापणीची बरोबरी त्याच्या मोठ्या सामग्रीला करता आलेली नाही.

आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ (१९७९) याच वाटेने फार दूर जातो. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट एस्टोनियात, टालिनजवळच्या पडीक वीजकेंद्राच्या परिसरात चित्रित झाला. त्यात यान नाही, परग्रहवासी नाही. गवत, गंजके लोखंड आणि साचलेले पाणी आहे. या निषिद्ध प्रदेशात सरळ रेषेत चालायचे नाही, असा वाटाड्याचा नियम. तो लोखंडी नट घेतो, त्याला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधतो आणि पुढे भिरकावतो. नट जिथे पडेल तिथवर एकेकाने जायचे, मग पुन्हा नट फेकायचा. समोर साधे कुरण आहे, काहीही घडत नाही. तरी दोन-चार फेकींनंतर आपल्यालाही त्या गवताची भीती वाटू लागते. प्रवासाच्या शेवटी एक खोली आहे. ती माणसाची इच्छा पुरवते, पण बोलून दाखवलेली नव्हे, खोल मनात दडलेली. पूर्वी तिथे गेलेला एकजण भावासाठी गेला, परतल्यावर श्रीमंत झाला आणि त्याने गळफास घेतला. खोलीने त्याला तो स्वतः कोण आहे तेवढेच दाखवले होते. ही हकिकत फक्त सांगितली जाते, दाखवली जात नाही. पण ती ऐकल्यावर उंबरठ्यावर थबकलेल्या तिघांचे पाय का उचलत नाहीत, हे वेगळे समजावावे लागत नाही.

ही जुन्या युरोपातली, सरकारी किंवा कलेच्या आश्रयावरची उदाहरणे झाली असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडची दोन अमेरिकी उदाहरणे घेऊ. शेन कॅरुथ यांनी ‘प्रायमर’ (२००४) सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला, आणि त्याला सनडान्स महोत्सवाचे परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातल्या कालयंत्राचा नियम रोखठोक आहे. सहा तास मागे जायचे असेल तर सहा तास त्या पेटीत पडून राहावे लागते, आणि पेटी सुरू केली त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. एवढ्या कोरड्या नियमातून दोन मित्रांमधला विश्वास कणाकणाने कसा झिजतो हे कॅरुथ दाखवतात. जेम्स वॉर्ड बर्किट यांनी ‘कोहिरन्स’ (२०१३) स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांच्या हाती पूर्ण संवाद नव्हते, रोज फक्त टिपणे मिळत. आठजण जेवायला जमले आहेत, आकाशातून धूमकेतू चालला आहे, वीज जाते, आणि गल्लीत एकच घर उजळलेले दिसते. ते त्यांचेच घर असते. कोणत्या घरातली माणसे कोणती, याची खूण म्हणजे हातातल्या चमकत्या कांडीचा रंग. आपल्या कांड्या निळ्या असताना अंधारात समोरून लाल कांड्या येतात, तेव्हा पडद्यावर एक पैसाही खर्च न होता बुद्धी जागच्या जागी गरगरते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. क्युब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) हा या प्रकारातला शिखरावरचा चित्रपट, आणि त्यावर त्या काळी एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. मग पैशाला नावे का ठेवायची? नावे पैशाला ठेवायची नाहीत. तो कशासाठी खर्च झाला ते पाहायचे. क्युब्रिक यांनी यानातल्या दालनासाठी सुमारे तीस टनांचे फिरते चाक उभारले, कारण चाकाच्या फिरण्याने कृत्रिम गुरुत्व निर्माण होते हा नियम कॅमेऱ्यासमोर खरा दिसायला हवा होता. अवकाशात आवाज नसतो, म्हणून यंत्र माणसाला मारते तो प्रसंग त्यांनी निःशब्द ठेवला. अशा प्रदीर्घ काटेकोरपणानंतर शेवटचा प्रकाशाचा प्रवास येतो, आणि म्हणूनच तो इतका अगम्य वाटतो. आतापर्यंत जगाने एकही नियम मोडलेला नव्हता. डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘अरायव्हल’चेही (२०१६) तसेच. टेड चँग यांच्या कथेवरून आलेल्या या चित्रपटात परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपी शिकता शिकता भाषातज्ज्ञ स्त्रीची काळाची जाणीवच बदलते, आणि सुरुवातीपासून स्मृती वाटलेली दृश्ये पुढे घडणारी असल्याचे उमगते. चित्रपटाने आपल्याला फसवलेले नसते. तो पहिल्या दृश्यापासून त्या लिपीसारखाच रचलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नियमच सर्वस्व मानला तर चित्रपट म्हणजे निव्वळ कोडे होईल, आणि कोडे सुटले की संपते. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘टेनेट’ (२०२०) याचे उदाहरण म्हणून पुढे करता येईल. काळाचा उलटा प्रवाह त्यांनी कसोशीने सांभाळला, त्यासाठी खरेखुरे बोइंग विमान इमारतीवर आदळवले, तरी नायकाच्या वाट्याला जे येते त्याने आपण फारसे हलत नाही. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. नियम पाळणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. त्या नियमाची किंमत एखाद्या माणसाने चुकवली पाहिजे. ‘अरायव्हल’मधली आई मुलीचे मरण ठाऊक असूनही तिला जन्म देते. ‘सोलारिस’मध्ये (१९७२) ग्रहावरचा महासागर केल्विनची मृत पत्नी त्याच्यापुढे पुन्हा उभी करतो, आणि ती आपण कोण आहोत हे विचारू लागते. मूळ कादंबरीकार स्तानिस्लाव लेम यांना तारकोव्हस्कींनी केलेला बदल रुचला नव्हता. अज्ञाताचा प्रश्न सोडून त्यांनी अपराधभावनेचे नाटक केले, असे लेम यांचे म्हणणे. लेम यांचा दुखावा समजतो. पण पडद्यावर ते अज्ञात आपल्यापर्यंत पोहोचते ते याच स्त्रीमुळे. महासागराचा नियम तिच्या देहात उतरला आहे, म्हणून तो टोचतो.

आजच्या परिस्थितीकडे पाहताना हाच निकष उपयोगी पडतो. गेल्या काही वर्षांत समांतर विश्वांची लाट आली. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ (२०२१) आणि ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’ (२०२२) यांत ही विश्वे मुख्यतः ओळखीचे चेहरे परत आणण्यासाठी वापरली गेली. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या, पण विस्मय कमी झाला. मेलेला माणूस दुसऱ्या विश्वातून आणता येत असेल तर मरणाला वजन राहत नाही. त्याच सुमारास आलेल्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ने (२०२२) तीच कल्पना घेतली, पण अट घातली. दुसऱ्या विश्वातले कौशल्य हवे असेल तर या विश्वात काहीतरी अगदी असंभाव्य करून दाखवायचे. कर भरण्याच्या विवंचनेतली लाँड्रीवाली बाई, तिचा भाबडा नवरा आणि दुरावलेली मुलगी यांच्याभोवती सगळा धुमाकूळ फिरतो. म्हणूनच कड्यावरचे दोन दगड एकमेकांशी मुकाट बोलतात तेव्हा हसू आणि हुंदका एकदम येतो. दृश्यपरिणामांचे बहुतेक काम मूठभर माणसांच्या चमूने केले होते. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. प्रेक्षक अशा प्रयोगाला तयार नसतो, या लाडक्या सबबीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

सबब मात्र जात नाही. ॲलेक्स गारलँड यांचा ‘ॲनायहिलेशन’ (२०१८) फारच बौद्धिक वाटेल अशा धास्तीपोटी स्टुडिओने बहुतेक देशांत थेट नेटफ्लिक्सकडे सोपवला. भारतातही तो घरच्या पडद्यावरच आला. दीपगृहातली चकाकती आकृती नायिकेची प्रत्येक हालचाल तिच्यावरच उलटवते, ते संवादहीन दृश्य अंधाऱ्या सभागृहासाठी घडवलेले होते. वितरकांचे आर्थिक भय खोटे नाही. विचित्र चित्रपट अनेकदा तोट्यात जातात. पण उपाय म्हणून चित्रपट सोपा करणे हा तोटाच वाढवणारा मार्ग आहे, कारण अर्धवट विचित्र चित्रपटाला कोणताच प्रेक्षक उरत नाही.

आपल्याकडे या शिस्तीला पैशाची सबब तर मुळीच चालणार नाही. नागपूरच्या आरती कडव यांनी ‘कार्गो’ (२०१९) हा हिंदी चित्रपट थोडक्या साधनांत केला. अवकाशयानात मृत माणसे येतात, त्यांच्या जखमा भरल्या जातात, स्मृती पुसली जाते आणि त्यांना पुनर्जन्मासाठी पाठवले जाते. हे काम करणारा राक्षस एखाद्या जुन्या सरकारी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासारखा इमानेइतबारे बसलेला असतो. मराठीत तर अशा कल्पना वाचकांच्या ओळखीच्या आहेत. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते, आणि त्या एका गोळीपासून सगळा इतिहास, थेट मुंबईच्या रस्त्यांपर्यंत, वेगळा होतो. एक अशक्य गोष्ट, एक नियम आणि त्यात सापडलेला इतिहासाचा प्राध्यापक. अवाढव्य सेट लागत नाही, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या तरी पुष्कळ काम होईल. मराठी विज्ञानकथा पाच दशके असे साहित्य पुरवत आली असताना मराठी पडद्यावर या धाटणीचे चित्रपट विरळाच दिसतात. हे दारिद्र्य पैशाचे कमी आणि पटकथेच्या कष्टांचे जास्त आहे. कथेतला नियम शेवटपर्यंत निभावायला लेखकाला महिनोन्महिने बसावे लागते, आणि त्या बसण्याचा मोबदला द्यायला निर्माते तयार नसतात.

म्हणून पुढच्या विज्ञानपटाची घोषणा होईल तेव्हा विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. कोण काम करते आणि किती कोटी लागले यापेक्षा, हा चित्रपट कोणती एक गोष्ट गृहीत धरतो, ती किती प्रामाणिकपणे पाळतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारावे. उत्तर ट्रेलरमध्ये सापडणार नाही, सापडू नयेच. ते मिळवायला चित्रपट पुरता पाहावा लागेल आणि उकल करणाऱ्यांकडे धावण्याआधी स्वतः काही काळ न समजलेपणात राहावे लागेल. एवढी तयारी प्रेक्षकाने दाखवली तर निर्मात्यांनाही धोका पत्करायला कारण मिळेल. नियम दिग्दर्शकाने पाळायचा आहे, धीर आपण धरायचा आहे, आणि यांतले एकही सुटले तर विज्ञानपटात फक्त देखावा उरेल.