एक घर, दोन वाङ्मये

गजानन माधव मुक्तिबोध ह्यांचे नाव निघाले की, आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत एक हळहळ हटकून व्यक्त होते : ‘मराठी घरातला एवढा मोठा कवी हिंदीला गेला!’ ही हळहळ प्रेमापोटी असली, तरी तीत एक गृहीत दडलेले आहे. लेखक ज्या भाषेत लिहितो तिच्याच लोकांचा होतो व इतरांस अंतरतो, असे ते गृहीत होय. ते पारखून पाहण्यास हेच घर उत्तम. कारण गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते.

ह्या घराण्याचे पूर्वज खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात गेले. वडील तेथे पोलीसखात्यात होते. गजाननरावांचा जन्म १९१७ साली श्योपूरला झाला, शरच्चंद्रांचा १९२१ साली इंदुरास. घरात मराठी, दारात हिंदी. पूर्वजांचे गाव केवळ ऐकीव. अशा घरातील मुलास ‘आपण कोणाचे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर जन्मानेच मिळत नाही. ते त्यास शोधावे लागते. कित्येकांनी ते संस्थानी वैभवाच्या आठवणींत शोधले. ह्या बंधूंनी ते श्रमिकांच्या बाजूस शोधले. दोघेही मार्क्सवादाकडे वळले. भाषा दोन झाल्या, पक्ष एकच राहिला.

भेद आहे तो वृत्तीचा. शरच्चंद्रांच्या ‘नवी मळवाट’ (१९४९) ह्या संग्रहात उद्याविषयी विश्वास आहे. तथापि काही ठिकाणी कवितेचा जाहीरनामा होतो. ही उणीव त्यांच्या कादंबऱ्यांनी भरून काढली. ‘क्षिप्रा’ (१९५४) पासून सुरू होणाऱ्या कादंबरीत्रयीत बिशू ह्या मध्यमवर्गीय मुलाची राजकीय जाणीव घोषणेतून नव्हे, तर जगण्यातून वाढत जाते. उलट, थोरल्यांच्या ‘अंधेरे में’ ह्या दीर्घ कवितेत रात्रीच्या नगरातून निघालेल्या मिरवणुकीत सैनिकांबरोबर प्रतिष्ठित विद्वान व कवीही चालताना दिसतात. पाहणारा भेदरतो; आणि स्वतःसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. प्रतिमांची गर्दी वाचकास थकविते खरी. परंतु मध्यमवर्गाची इतकी निर्दय झडती क्वचितच कोणी घेतली असेल.

दोघांच्याही आयुष्यातील महत्त्वाची वर्षे नागपुरात गेली. १९५६ साली प्रांतांची फेररचना होऊन नागपूर मध्य प्रदेशातून निघाले. १९५८ साली गजाननराव राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले; शरच्चंद्र नागपुरात मराठी शिकवीत राहिले. भाषावार सीमा जणू एका घराच्या माजघरातून गेली! थोरल्यांच्या इतिहासविषयक पुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. १९६४ साली ते निवर्तले, आणि पहिला काव्यसंग्रह त्यानंतरच निघाला. धाकट्यांस १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

येथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. वर्गात शरच्चंद्रांविषयी बोलताना ‘ह्यांचे बंधू हिंदीतील कवी’ एवढ्या एका वाक्यात आम्ही थोरल्यांस वर्षानुवर्षे निकालात काढले. त्यामुळे विद्यार्थ्यांस धाकटेही अर्धेच कळले.

आज आपली मुलेनातवंडे दूरदेशी वाढत आहेत. त्यांना मराठी यावी, ही इच्छा योग्यच. ती भाषा गेली तर घराचे काही खरोखरच हरपते. परंतु ‘नातू मराठीत बोलतो ना?’ एवढे विचारून आपण थांबतो. तो कोणाच्या बाजूने उभा राहतो, हेही विचारावयास नको काय?