‘जिझेल’: एक प्रयोग आणि एक टाळी

युरोपांतील बॅले ही कला आपल्याकडे बहुतेकांस चित्रांवरून किंवा पडद्यावरूनच ठाऊक असते. ती रंगभूमीवर प्रत्यक्ष पाहण्याचा योग क्वचितच येतो. तो परवां आला. एका परदेशी नृत्यमंडळीनें आमच्या शहरांतील नाट्यगृहांत ‘जिझेल’चा प्रयोग केला. रंगमंच नाटकांसाठीं बांधलेला, लहान. वाद्यवृंदाऐवजीं ध्वनिमुद्रित संगीत. तरीही त्या सायंकाळीं जें पाहिलें, त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

हें नृत्यनाट्य १८४१ सालीं पॅरिस येथें प्रथम झालें. हाइने या जर्मन कवीनें सांगितलेल्या एका दंतकथेवरून त्याची कल्पना तेओफील गोतिये या फ्रेंच कवीस सुचली. संगीत आदाँ याचें. पुढें पॅरिसला त्याचा विसर पडला, पण पीटर्सबर्ग येथें पेतिपानें तें जतन केलें. कथा साधी आहे. जिझेल ही खेड्यांतली मुलगी. आपला प्रियकर आल्ब्रेख्त हा वेष पालटलेला सरदार असून त्याचा वाङ्‌निश्चय दुसरीशीं झालेला आहे, हें कळतांच ती भ्रमिष्ट होऊन मरते. विवाहापूर्वीं मेलेल्या अशा कुमारिकांच्या पिशाच्चांना विली म्हणतात. रात्रीं हातीं लागलेल्या पुरुषाला त्या नाचवून नाचवून मारतात. आल्ब्रेख्त त्यांच्या तावडींत सांपडतो. जिझेल त्याच्यासह नाचून त्याला पहाटेपर्यंत जगविते.

संस्कृताचा अभ्यास असलेल्या वाचकाला येथें शकुंतला आठवेल. तीही राजपुरुषाकडून दुखावलेली वनकन्या. पण कालिदासानें दुर्वासाचा शाप मध्यें घालून दुष्यंताचा अपराध हलका केला. आल्ब्रेख्ताला असा आडोसा नाहीं. त्यानें फसविलें तें समजून उमजून, आणि जिझेल क्षमा करते ती त्यालाच.

ही क्षमा शब्दांनीं सांगितली असती तर भाबडी वाटती. येथें ती नृत्यानेंच होते, कारण शिक्षाही नृत्याचीच आहे. पहिल्या अंकांत नृत्य हा कथेचा अलंकार. दुसऱ्यांत नृत्य हीच कथा. लांकडी तक्तपोशीवर विलींच्या पावलांची टकटक स्पष्ट ऐकूं येत होती, आणि पिशाच्चांच्या पायांचा तो आवाज आम्हांस खटकलाही. जिझेलचीं पावलें मात्र नि:शब्द पडत होतीं. त्या नर्तकीचें सारें सामर्थ्य त्या नि:शब्दतेंत होतें.

आल्ब्रेख्त थकत जातो, तरी त्याला उड्या मारणें भाग पडतें. प्रत्येक उडीनें तो मरणाच्या जवळ जात असतो. नर्तकाच्या त्या उड्या अप्रतिम होत्या. प्रेक्षागृह टाळ्यांनीं दुमदुमलें. नर्तक थांबला, पुढें आला, हंसून लवला आणि मग पुन्हां मरणोन्मुख झाला!

दोष एकट्या नर्तकाचा नव्हे. संगीत नाटकांत पात्र कोणत्याही अवस्थेंत असो, ‘वन्स मोअर’ म्हणून त्याच्याकडून पद पुन्हां म्हणवून घेणारे रसिक आपणच. कौशल्य दिसलें कीं आपण माणूस विसरतों. सांगावयास संकोच वाटतो, पण त्या टाळ्यांत आमचीही एक टाळी होती.

शेवटीं पहाट झाली, जिझेल थडग्याकडे परतली आणि आल्ब्रेख्त एकटा उरला. पडदा पडल्यावर कांहीं क्षण कोणीच टाळी वाजविली नाहीं. प्रयोगाला खरी दाद मिळाली ती तेव्हां.